टेक्सासातले वेल्श देशमुख आणि माझी थालीपिठं

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने काय सांगायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. रस्ते गुळगुळीत, माणसं हसतमुख, सफरचंदं मोठी पण बेचव, आणि एक धबधबा. धबधब्यासमोर निळा रेनकोट घालून काढलेला फोटो दाखवला की यात्रा सफळ झाली. मागच्या खेपेला मी हे सगळं साग्रसंगीत केलं आणि आमच्या मिरजेच्या महिला मंडळात त्यावर तासभर बोललेही. बायका इतक्या शांत बसल्या होत्या की माझं वक्तृत्व अजून शाबूत आहे असं मला वाटलं. पंखा बंद पडला होता आणि निम्म्या झोपल्या होत्या, हे नंतर कळलं.

यंदा धबधबा नाही. यंदा मी वेल्सची सरहद्द पाहून आले. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिम कुशीला चिकटलेला डोंगराळ मुलूख. त्याची बाराशे वर्षांपूर्वीची सरहद्द टेक्सासमध्ये, प्लेनोच्या उत्तरेला, हायवे सोडून बरंच आत गेल्यावर एका गवताच्या माळावर आहे. ज्यांचा भूगोल पक्का आहे त्यांनी मला फोन करू नयेत. मी तिथे स्वतः स्वयंपाक करून आले आहे.

प्लेनो, शुक्रवार

माझी मुलगी माधवी आणि जावई श्रीरंगराव प्लेनोत राहतात. घर एवढं मोठं की चहा झाला हे सांगायला माधवी वरच्या मजल्यावर फोन करते. श्रीरंगराव मूळचे नागपूरचे, आता कॉम्प्युटरवाले. त्यांची एकुलती एक मुलगी रेवा तिथेच जन्मली, तिथेच वाढली आणि तिथल्याच हायस्कुलात इतिहास शिकवते. मीही जन्मभर इतिहासच शिकवला. नात माझा वारसा चालवते असं मी सगळ्यांना सांगते. ती असं कुणाला सांगत असल्याचं ऐकिवात नाही.

रेवाला एक छंद आहे. इतर मुली योगा करतात, ही भाले फेकते. बाराशे वर्षांपूर्वीच्या लढाया खऱ्या कपड्यांत, खोट्या हत्यारांनी लढणारा एक गट आहे. वर्षातून एकदा शनिवार-रविवार हे लोक माळावर छावणी टाकतात. त्यात डॉक्टर असतात, प्लंबर असतात, आणि यंदा एक आजीही होती.

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर रेवाने मला सरहद्द समजावली.

"हा मर्सिया," तिने राइस कुकर सरकवला. "सॅक्सन किंगडम, इंग्लंडमधलं. बिग, रिच, मीन." मग लोणच्याची बरणी समोर ठेवली. "हा वेल्श किंग. त्याचाही इगो मोठा." आणि दोघांच्या मधे एक चमचा आडवा टाकला. "आणि हा आपला माणूस. वेल्श नोबलमन. लँड याचीच, आणि दोन्ही आर्मीज त्याच्याच शेतातून जातात."

"मग हा लढायचा कुणाकडून?"

"डिपेंड्स. कोणत्या वर्षी?"

"म्हणजे फितूर!" मी म्हणाले.

"आजी, प्लीज. कधी तो मर्सियाबरोबर जाऊन शेजाऱ्यांशी लढायचा, कधी वेल्श किंगबरोबर जाऊन मर्सियाशी. त्याला त्याची व्हिलेजेस वाचवायची होती, यार."

आता 'फितूर' हा शब्द माझ्या तोंडातून इतक्या चपळाईने का निघाला ते सांगायला हवं. कॉलेजात असताना मी वक्तृत्व स्पर्धा गाजवायचे. विषय कोणताही असो, शेवटाला मी फितुरांवर यायचे. उजवी मूठ टेबलावर आपटून "धिक्कार असो!" म्हणायचे. एकदा पाण्याचा ग्लास परीक्षकांच्या मांडीवर गेला आणि तरी पहिला नंबर मिळाला. लग्नानंतर तीच रणरागिणी सासूबाईंसमोर "भाजीत गूळ हवाच" म्हणायची आणि मागच्या दारी आत्येसासूबाईंपाशी "गूळ घातला की भाजीचं वाटोळं होतं" म्हणायची. दोन्ही दरबारांत मान राखून होती. पण धिक्कार मात्र दुसऱ्यांचा.

त्या वेल्श सरदाराचं नाव रेवाने तीनचारदा उच्चारून दाखवलं. माझ्या कवळीला ते मानवलं नाही. दोन सत्तांच्या मधे वतन सांभाळून बसलेला माणूस म्हणजे आपल्याकडचा देशमुख, म्हणून मी त्यांना देशमुखच म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छावणीतले गोरेसुद्धा 'डेशमूक' म्हणत होते.

"एका वर्षी ना," रेवा चमचा उचलून म्हणाली, "मर्सियाची अख्खी आर्मी याच्या लँडमध्ये शिरली. आणि परत गेली. मठातल्या मंक्सनी एकच लाइन लिहिलीय, की आले आणि गेले. बॅटलच नाही! सगळे म्हणतात तो विकला गेला. बट नोबडी नोज."

मग तिने खरी अडचण सांगितली. छावणीतल्या लढाईचा निकाल आधी ठरलेला नसतो, जो जिंकेल तो जिंकेल. वेल्श बाजू लागोपाठ दोन वर्षं हरली होती. यंदाही हरली तर ती कायमची बंद, आणि पुढच्या वर्षीपासून तिच्या जागी व्हायकिंग आणायचे. व्हायकिंगांची शिरस्त्राणं तयार मिळतात ना. आणि नेमक्या याच वर्षी देशमुखांची भूमिका पहिल्यांदा रेवाकडे आली होती.

"आठ महिने प्रॅक्टिस केलीय, आजी. हरलो तर तो माणूस संपला. त्याला परत कोणी विचारणार नाही."

मी तिला दही-साखर दिली. त्यापुढची युद्धनीती मला येत नव्हती.

माळ, शनिवार सकाळ

टेक्सासचा माळ म्हणजे देवाने इस्त्री करून ठेवलेली जमीन. मधेच ओकचं एखादं थोराड झाड, वर गिधाडांच्या घिरट्या, गवतात टणाटण उडणारे नाकतोडे, आणि क्षितिजावर पाण्याची एक टाकी, जिच्याकडे बघायचं नाही असं ठरलेलं. ऑक्टोबर असूनही ऊन असं की आपला वैशाख बरा. त्या उन्हात साठसत्तर माणसं लोकरीचे अंगरखे आणि लोखंडी कड्यांची चिलखतं घालून आनंदात उभी होती. आपल्याकडे असं कुणी केलं तर घरचे डॉक्टरकडे नेतील. इथे डॉक्टरच चिलखतात होता.

मर्सियाचा राजा होता डेल. एरवी दातांचा डॉक्टर, सव्वासहा फूट उंच, पिंगट दाढी. सॅक्सन लोकांनी वेल्शांना थोपवायला खणलेला तो प्रसिद्ध लांबलचक चर इथे भाड्याच्या यंत्राने खणून घेतला होता, गुडघाभर खोल. चराच्या अलीकडे आमची, म्हणजे वेल्श बाजूची, गवती छपराची झोपडी आणि चूल. पलीकडे डेलची छावणी. आणि बाजूला एक टेकाड. सूर्यास्ताला टेकाड ज्याच्या ताब्यात तो जिंकला.

पंच होत्या ग्लोरियाबाई. वय माझ्याएवढं, आवाज शाळेच्या घंटेसारखा. माझं नऊवारी लुगडं त्यांनी दोनदा प्रदक्षिणा घालून पाहिलं आणि "दूरदेशीच्या जहाजातून आलेली पाहुणी" म्हणून पास केलं. चष्मा वयोमानामुळे माफ. मग नियम. रबराचं पातं लागलं की मेलात, खाली बसायचं; सरदार मेला की त्याची बाजू हरली. प्लास्टिक दिसता कामा नये. आणि तिसरा नियम देशमुखांच्या काळातला: ज्याने देशमुखाच्या चुलीवरचं खाल्लं तो त्याचा पाहुणा. सूर्यास्तापर्यंत पाहुण्यावर देशमुखाच्या माणसांनी हत्यार उचलायचं नाही आणि पाहुण्यानेही त्यांच्यावर उचलायचं नाही.

हा नियम तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवला नाही. मी तेव्हा ग्लोरियाबाईंवर मनातल्या मनात चिडलेली होते, कारण त्यांनी नुकतीच माझी मिरची जप्त केली होती.

"बाराशे वर्षांपूर्वी युरोपात मिरची नव्हती," त्या म्हणाल्या. "ती अमेरिकेतून आली."

"मग आपण आत्ता कुठे आहोत?" मी विचारलं.

"वेल्समध्ये," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

तेव्हा अमेरिकेत बसून, अमेरिकेची मिरची न घालता मला थालीपिठं करायची होती. बटाटा नाही, टोमॅटो नाही. ओट आणि जव जाडसर दळून आणले होते, वाळके वाटाणे भाजून कुटले होते. कांद्याऐवजी लीक म्हणून कांद्याच्या पातीची एक धिप्पाड थोरली बहीण मिळते ती चिरली. वेल्श लोकांना तिचा फार अभिमान आहे. लसूण चालत होता. मिरी फक्त सरदाराच्या घरी, म्हणून चिमूटभर. लोखंडी तव्यावर थापून मधे भोक पाडलं आणि त्यात लोण्याचा गोळा सोडला. वास सुटला तसा चिलखतांचा खणखणाट थांबला.

रेवाने आपली माणसं गोळा केली. तिचा बेत असा होता की सगळ्यांनी मागच्या ओकांच्या राईत दडून बसायचं आणि डेलचे लोक चर ओलांडताना दोन्ही बाजूंनी तुटून पडायचं. झोपडीपाशी मी, माधवी आणि पहाऱ्याला श्रीरंगराव.

"बाबा, कुणी आलं तर शिंग वाजवायचं. ओके?"

"काळजीच नको बे," श्रीरंगराव भाला टेकवत म्हणाले.

तिथेच, भर दुपारी

पिण्याच्या पाण्याचं लाकडी पिंप एकच होतं आणि ते आमच्या झोपडीमागे होतं. पाणी न्यायला कुणीही येऊ शकतं असं ठरलेलं. थोड्या वेळाने पाच-सहा सॅक्सन सैनिक पाणी भरायला आले. तोंडं लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा. एकाने वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मॅम, हे काय आहे?"

आता तुम्हीच सांगा. दारात आलेलं माणूस, डोक्यावर ऊन, तव्यावर थालीपीठ. मी काय करायला हवं होतं?

"बस," मी म्हणाले.

"ओह, नो, थँक यू. वी आर गुड."

इथे तीस वर्षांच्या अनुभवाची गोष्ट आहे. पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा माधवीच्या शेजारणीने विचारलं, केक घेणार का? मी चांगल्या घरची, म्हणाले, नको. ती म्हणाली, ओके, आणि केक आत घेऊन गेली! मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत सोफ्याच्या काठावर बसून राहिले. मला भूक लागली होती आणि केक अक्रोडाचा होता. घरी येऊन मी माधवीला या देशाच्या संस्कृतीवर बरंच काही सुनावलं. इतक्या वर्षांनंतर माझं मत बदललं आहे. या लोकांना दुसऱ्यांदा 'नको' म्हणता येत नाही, कारण आजवर कुणी दुसऱ्यांदा विचारलेलंच नसतं.

तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची वेळच आली नाही.

"आई, बिचाऱ्यांना लोणी वाढा ना अजून," श्रीरंगराव म्हणाले. आमच्या पहारेकऱ्याच्या एका हातात भाला आणि दुसऱ्यात त्यांचं स्वतःचं थालीपीठ होतं. शिंग त्यांनी गवतात ठेवलं होतं, बसायला अडचण नको म्हणून.

ते गेले आणि दहा आले. दहा गेले आणि चर ओलांडून रांगच लागली. माधवी थापत होती, मी भाजत होते. सॅक्सन सैन्य झोपडीच्या सावलीत मांडी घालून बसलं. एक म्हणाला, तुम्ही माझ्या ग्रॅनीची आठवण करून दिलीत. एकाने कृती विचारली. मी मनात म्हटलं, शत्रू असावेत तर असे.

तेवढ्यात पलीकडून डेलचं शिंग वाजलं. चढाई! आणि आमच्या अंगणातला एकही जण उठेना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "गाइज, तो पाहुण्यांचा रूल..."

ग्लोरियाबाई लगबगीने आल्या. "किती जणांनी खाल्लं?" त्यांनी विचारलं. लोण्याने माखलेले तिसेक हात वर झाले. श्रीरंगरावांनीही केला, सवयीने.

राईतून रेवा धावत आली, मागे तिचं सैन्य. केसांत काटक्या, चेहऱ्यावर चिखल.

"आजी, व्हॉट डिड यू डू?"

"जेवायला वाढलं."

"शत्रूला?"

"भूक लागली होती त्यांना."

"मी सकाळपासून मुंग्यांच्या वारुळावर झोपलेय, आजी! आठ महिने! आता मी लढू कुणाशी?"

तिचा आवाज चिरकला. तो राग भूमिकेतला नव्हता. मी तवा उतरवला.

ग्लोरियाबाईंनी निकाल दिला. खाल्लेले सगळे सूर्यास्तापर्यंत पाहुणे. मर्सियाकडून न खाल्लेला माणूस उरला एकच: डेल. त्याने पीठ सोडलं होतं, कुठल्यातरी डाएटमध्ये. तो टेकाडावर ढाल-तलवार घेऊन एकटा उभा होता.

वेल्श सैन्याला गणित सुटलं. तीसजणांविरुद्ध एक! "रेवा, कमॉन! टेकाड आपलं!" भाले आपटायला लागले. डेलने ढाल वर केली. पळायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

आणि इथे मला जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. कॉलेजातली ती मूठ-आपटी बाई, जी मी मेली असं समजत होते, ती ताडकन उठली. उलथनं आभाळात फिरवून ओरडली, "बघतेस काय! तुटून पड! सोडू नकोस त्याला! धिक्कार अ—"

रेवाने मागे वळून थालीपिठाचा एक मोठा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडात कोंबला.

"आजी, आधी तू खा."

तोंडात घास असला की घोषणा देता येत नाही. बाईच्या भाषणाला इतका सोपा उपाय असताना परीक्षकांनी तिला पेले का दिले कोण जाणे.

रेवा टेकाडाकडे बघत उभी राहिली. मग आपल्या माणसांना म्हणाली, "आज याला मारलं, तर नेक्स्ट स्प्रिंग हे सगळे परत येणार. अँग्री होऊन. आणि वेल्श किंग आपल्या घरी बसलेला असेल. जळणार कुणाचं गाव? आपलं." ती आता टेक्सासमध्ये नव्हती. तिने भाला गवतात ठेवला, लाकडी ताटात गरम थालीपीठ घेतलं, लोणी घेतलं, आणि एकटी टेकाड चढली.

खाली आम्ही सगळे माना वर करून. तिला डेलने तिथे तलवार लावली असती तर देशमुख संपले असते, वेल्श बाजूसकट.

"माझ्या घरचं खा," रेवा त्याला इंग्रजीत म्हणाली.

"नो, थँक यू," डेल म्हणाला. तलवार खाली आली नाही.

रेवाने पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिने मान वळवून खाली माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत ओरडून विचारलं, "आजी, किती वेळा?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी तीन बोटं दाखवली.

तिने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी ती बोललीच नाही, नुसतं ताट पुढे धरून उभी राहिली. डेलने खाली बसलेल्या आपल्या तृप्त सैन्याकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं. लोणी वितळून भोकात चाललं होतं. त्याने तलवार जमिनीत रोवली, हातमोजा काढला आणि एक तुकडा तोडला. मग दुसरा. मग ताटच हातात घेतलं. त्याचं डाएट टेक्सासच्या मातीत वीरगतीला गेलं.

सूर्यास्त, आणि परतीची वाट

सूर्य बुडाला तेव्हा टेकाडावर मर्सियाचा राजा आणि वेल्श देशमुख शेजारी शेजारी बसून बोटं चाटत होते. ग्लोरियाबाईंनी बराच वेळ विचार केला. टेकाड दोघांचंही, म्हणून कुणी जिंकलं नाही. "आणि कुणी हरलंही नाही," त्या म्हणाल्या. "वेल्श पुढच्या वर्षी राहतील." जो ओरडा झाला त्यात सॅक्सन लोकांचा आवाज जास्त होता.

परतताना गाडीत रेवा माझ्या शेजारी बसली होती. श्रीरंगराव ड्राइव्ह करत होते आणि पहाऱ्याचा विषय निघू नये म्हणून ट्रॅफिकचं कौतुक करत होते. हायवेचे दिवे सुरू झाल्यावर रेवा म्हणाली, "आठ महिने, आजी. एकदाही भाला मारला नाही मी."

"हो गं."

"ती लाइन आहे ना. आले आणि गेले." ती काचेतून बाहेर बघत होती. "मंक्सना वाटलं असेल यात लिहिण्यासारखं काय आहे? जेवले, एवढंच. कुणी वाढलं ते कोण लिहिणार?"

"देशमुखांची आजी असेल," मी म्हणाले.

"शट अप, आजी," असं म्हणून तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांत अजून मुंग्या होत्या.

मिरजेला आल्यावर महिला मंडळात मी हे सगळं सांगितलं. या वेळी कुणी झोपलं नाही. फक्त शेवटी एकीने विचारलं, "आणि धबधबा?"

मागच्या आठवड्यात रेवाचा फोन आला. पुढच्या वर्षासाठी गटाने एक नवा नियम केला आहे: पाहुण्यांना देशमुखांनी स्वतःच वाढायचं, घरच्या वडीलधाऱ्यांनी नाही. रेवाने तेव्हा सॅक्सनांना खड्ड्यात, म्हणजे त्या चरातच, गाठायचं ठरवलं आहे. प्रॅक्टिसही सुरू केली आहे. "आजी, तू ये, पण नुसती बसायला," ती म्हणाली. मी बरं म्हटलं.

काल डेलचा निरोप आला, माधवीच्या फोनवर. नियमात फक्त देशमुखांच्या घराचा उल्लेख आहे असं त्याने बारकाईने पाहिलं आहे. तेव्हा पुढच्या वर्षी मर्सियाची चूल सांभाळाल का, असं त्याने फार अदबीने विचारलं आहे. आधी मी नको म्हटलं, चांगल्या घरची म्हणून. त्याने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. माणूस शिकला आहे.

मी हो म्हटलंय. रेवाला अजून सांगितलेलं नाही.